घाटातली पायगाडी

आमचा एक जुना विद्यार्थी स्पेन देशात असतो. तो तेथे नेमके काय करतो हे त्याने आम्हांस दोनदा समजावून सांगितले आणि दोन्ही वेळा आम्ही समजल्यासारखी मान डोलावली. रविवारी तो काय करतो हे मात्र आम्हांस पक्के ठाऊक आहे. कारण त्या दिवशी तो सायकलवर बसून माद्रिदच्या उत्तरेस असलेल्या ग्वादर्रामा पर्वताच्या पायथ्याशी हिंडतो आणि वाटेतली छायाचित्रे आमच्या मोबाइलवर पाठवितो. पिकून पिवळी पडलेली गव्हाची शेते, दगडी घरांची लहान लहान गावे, चर्चच्या मनोऱ्यावर घरटे करून बसलेले करकोचे, सेगोव्हिया गावचा रोमन लोकांनी बांधलेला जलसेतू, आणि या सर्वांमधून जाणारा एक निर्मनुष्य डांबरी रस्ता. दोन वर्षांपूर्वी अशाच एका चित्राखाली त्याने लिहिले, "सर, इकडे अशा शांत रस्त्यांची स्वतंत्र पुस्तके निघतात. बंद पडलेल्या आगगाड्यांचे रूळ उपटून तेथे सायकलींसाठी वाटा केल्या आहेत. आपल्याकडे असे काही का नाही?"

परदेशी गेलेल्या माणसाने 'आपल्याकडे' हा शब्द उच्चारला की येथे राहिलेल्या माणसाचा स्वाभिमान एकदम जागा होतो. आम्ही तत्काळ उत्तर लिहिले. आमच्या गावाहून निघून वेरूळपर्यंत जाणारा अवघा तीस किलोमीटरांचा रस्ता घ्या, असे आम्ही त्यास बजावले. या तीस किलोमीटरांत यादवांचा देवगिरी आहे, सूफी संतांचे खुलदाबाद आहे, राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात एका अखंड डोंगरातून वरून खाली कोरीत आणलेले कैलास लेणे आहे, अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलेले घृष्णेश्वराचे मंदिर आहे. तुमच्या स्पेनमध्ये एका रस्त्यावर इतके दाखवा पाहू! उत्तर लिहून झाल्यावर आम्हांस मोठे समाधान वाटले. ते समाधान अर्धा तास टिकले. अर्ध्या तासाने त्याचा एक ओळीचा प्रश्न आला: "तुम्ही गेला आहात का सर, त्या रस्त्याने सायकलवर?"

आम्ही त्या रस्त्याने गेलो नव्हतो असे नाही. या शहरात आम्हांस अठ्ठावीस वर्षे झाली आणि ज्याच्या घरी बाहेरगावचे पाहुणे येतात त्या येथील प्रत्येक गृहस्थास वेरूळची वारी चुकत नाही. शिवाय दरवर्षी विद्यार्थ्यांची सहल. एकंदर हिशेब केला तर त्या रस्त्याने आम्ही शंभर वेळा तरी गेलो असू. परंतु मोटारीच्या मागल्या आसनावर बसून, पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत, किंवा बसमधल्या गाण्यांच्या भेंड्यांत आपले प्राध्यापकपण सांभाळीत. मग आम्ही प्रामाणिकपणे आठवू लागलो की देवगिरी आणि खुलदाबाद यांच्या मध्ये काय आहे? घाट आहे एवढे आठवले. आणि घाटात एकदा एका विद्यार्थिनीस मळमळले होते, तेही आठवले. याहून अधिक काही आठवेना.

म्हणून आम्ही सायकल घेतली. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने सायकल घेणे ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या ध्यानातही आली नसती, कारण तेव्हा प्राध्यापक सायकलवरच असत. आज तिची घरी, शेजारी आणि महाविद्यालयात अशी तीन ठिकाणी चर्चा झाली. आमची मंडळी एवढेच म्हणाली, "या वयात हाडे जुळायला वेळ लागतो म्हणे." चिरंजीवांनी एक शिरस्त्राण आणून आमच्या डोक्यावर बसविले व आरशासमोर उभे करून आमच्या हास्याची प्रतीक्षा केली. आम्ही हसलो नाही. आमचे आजोबा या वाहनास 'पायगाडी' म्हणत. तो शब्द आता कोणी वापरीत नाही, पण घाट चढताना त्याची सत्यता आम्हांस जशी पटली तशी दुसऱ्या कोणत्याही शब्दाची पटली नाही. सायकल म्हणजे नुसते चाक. गाडी चालते ती पायांनी, हे त्या जुन्या शब्दाने आधीच सांगून ठेवले होते.

या रस्त्याला शांत म्हणावयाचे तर पहाटे साडेचार ते सात एवढाच वेळ म्हणता येईल. सातनंतर तो वेरूळच्या प्रवाशांचा होतो, आणि रविवारी तर फारच होतो. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री मात्र त्याची गंमत निराळी असते. त्या रात्री खुलदाबादच्या भद्रा मारुतीला शहरातून हजारो माणसे पायी निघतात. आडवा पहुडलेला हा मारुती महाराष्ट्रात विरळा. मुले, म्हातारे, नव्या चपला घालून पश्चात्ताप करणारे तरुण, सारे रस्ताभर पसरलेले असतात, आणि वाहनांनी माणसांस वाट द्यावी हा न्याय वर्षातून काही रात्री तरी अमलात येतो. हे सोडून इतर दिवशी आम्ही काळोखातच निघतो. छावणीतली मोठी झाडे, पडेगाव, मिटमिटा ही गावे झोपेतच मागे पडतात. शरणापूरच्या फाट्याशी येईतो भांगसीमातेच्या टेकडीच्या कडा दिसू लागतात.

येथवर रस्ता सपाट आहे अशी आमची अठ्ठावीस वर्षांची समजूत होती. ती पहिल्याच दिवशी गेली. मोटारीस जे सपाट तें पायांस सपाट नसते. पडेगावापुढे किंचित चढ आहे, मग उतार आहे, मग पुन्हा चढ आहे. आणि पश्चिमेचा वारा समोरून सुटला की उतारावरही पॅडल मारावे लागते. या मुलखाचे पाणी कोठून कोठे वाहत असेल, जुन्या लोकांनी तळे कोठे बांधले असेल, विहीर कोठे खणली असेल, हे पुस्तकात वाचून आम्हांस कधी कळले नव्हते. आता ते मांड्यांस कळते. मलिक अंबराने १६१० साली खडकी हे गाव वसविले आणि डोंगरांतले पाणी भुयारी नहरींतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले, हे आम्ही पाहुण्यांस पाणचक्कीपाशी उभे राहून कितीदा सांगितले आहे! परंतु जमिनीचा उतार ओळखणे म्हणजे काय, हे सांगणाऱ्यास ठाऊक नव्हते. माद्रिद शहरही नवव्या शतकात तेथल्या मुसलमान अमीराने वसविले आणि त्यालाही पुढे कित्येक शतके अशाच भुयारी वाटांनी पाणी मिळे, असे आमच्या विद्यार्थ्याने कळविले आहे. दोन्ही शहरे कोरड्या पठारावरची. दोघांनाही तहान एकच, तेव्हा युक्तीही एकच सुचली यात नवल नाही.

शरणापूर सोडून थोडे पुढे गेले की देवगिरी दिसतो. तो एकदम दिसत नाही. आधी नुसता एक सुळका, मग त्याच्या खाली तासून उभा केलेला कातळाचा कडा, मग चांद मिनार. सायकलवरून हे सारे उलगडावयास पाव तास लागतो, आणि त्या पाव तासात भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानीसाठी हीच जागा का निवडली असावी हे कोणी न सांगता ध्यानात येते. पैठणहून उत्तरेस जाणारी प्राचीन व्यापाराची वाट याच डोंगरांतून जाई. वाटेच्या तोंडाशी असा एकाकी खडक उभा असल्यावर राजास दुसरे काय सुचणार? किल्ल्याचा बाहेरचा तट आडवा येतो आणि आपला रस्ता त्या तटाच्या दरवाजातूनच आत शिरतो. दिवसा या दरवाजात मोटारी एकमेकींसमोर ठाकून भांडतात. पहाटे आम्ही एकटे, घंटी न वाजविता, हत्तींसाठी बांधलेल्या त्या कमानीखालून जातो आणि जरा ताठ बसतो. कोणी पाहत नाही हे ठाऊक असते, तरी बसतो.

याच किल्ल्यावर पुढे निजामशाहीत जनार्दनस्वामी किल्लेदार होते, आणि त्यांच्या पायाशी बसण्यासाठी पैठणचा एक पोरका मुलगा घर सोडून इकडे चालत आला. एकनाथांची ही कथा आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली होती. तिच्यात मुलगा 'निघाला' आणि 'पोहोचला' ही दोनच क्रियापदे होती. मधल्या वाटेविषयी आजीने काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

किल्ला मागे टाकला की घाट लागतो, आणि येथे आमच्या विद्वत्तेचा शेवट होतो. मैदानापासून खुलदाबादचे पठार सुमारे ५०० फूट उंच आहे. मोटारीचा गिअर बदलण्यापलीकडे या आकड्यास काही अर्थ नाही. पायगाडीवर तो फूट फूट मोजून घ्यावा लागतो. पहिल्या वळणापर्यंत आम्ही बसून गेलो. दुसऱ्या वळणापर्यंत उभे राहून पॅडले मारली. तिसऱ्याआधी उतरलो आणि सायकल हाती धरून चालू लागलो. एप्रिल महिना होता. सूर्य वर आला होता. बाटलीतले पाणी घाटाच्या पायथ्याशीच संपले होते. एका वडाच्या सावलीस दगडावर बसलो, खाली देवगिरीकडे पाहिले, आणि आमच्या मनात जो विचार आला तो सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे. प्रस्तावना लांबली हे खरे. पण घाटापर्यंत येण्यास अंतरच तेवढे आहे.

आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. गिरीश कर्नाड यांचे 'तुघलक' हे नाटक आम्ही अनेक वर्षे शिकविले. १९६४ चे हे मूळ कानडी नाटक. त्याचे इंग्रजी रूपांतर लेखकाने स्वतःच केले आणि मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणले. नाटक थोर आहे आणि त्यातला सुलतान नुसता वेडा नाही, हे आम्ही मुलांस सांगत असू. परंतु पार्श्वभूमी सांगताना आमच्यातला नट जागा होई. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस नेली. दिल्लीत कुत्रे-मांजरसुद्धा शिल्लक राहिले नाही, असे बरनी लिहितो. एका आंधळ्यास ओढीत आणले तेव्हा येथे त्याचा एक पायच काय तो पोहोचला, असे इब्न बतूता लिहितो. हा पाय पोहोचल्यावर वर्ग हटकून हसे. आम्ही क्षणभर थांबून ते हसू वाढू देत असू. मग म्हणत असू, "आणि थोड्याच वर्षांत सर्वांस परत जाण्याची मुभा! म्हणूनच मराठीत 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग आहे." घंटा होई. परीक्षेत मुले हाच विनोद आम्हांस परत करीत आणि आम्ही दहांपैकी आठ गुण देत असू.

वडाखाली बसलो असता आम्हांस तो पाय आठवला आणि हसू आले नाही.

घरी येऊन आम्ही जे पूर्वीच वाचावयास हवे होते ते वाचले. बरनीचा ग्रंथ पुरा झाला १३५७ मध्ये, म्हणजे घटनेला तीस वर्षे उलटल्यावर. इब्न बतूता दिल्लीस आला तोच मुळी स्थलांतरानंतर काही वर्षांनी. तेव्हा त्याचा आंधळा ऐकीव होता. (दौलताबादच्या तळघरात मांजरांहून मोठे उंदीर आहेत असेही त्याने लिहून ठेवले आहे.) उलट १३२७ आणि १३२८ या वर्षांचे संस्कृत शिलालेख दिल्लीच्याच परिसरात मिळाले आहेत आणि त्यांत ओसाड नगरीचे काही चिन्ह नाही. हलविले ते दरबारी, अंमलदार, उलेमा, सूफी, कारागीर यांस. सगळ्या शहरास नव्हे, असे आता बहुतेक इतिहासकार मानतात. जुलूम झाला नाही असे नाही. उन्हाळ्यात बायकामुले घेऊन निघालेल्या माणसास तो केवळ दरबारींचा होता की सर्वांचा, याने काय फरक पडतो?

पण त्याच इब्न बतूताने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, तिच्याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. तो म्हणतो, दिल्लीपासून दौलताबादेपर्यंत चाळीस दिवसांची वाट आहे आणि दोन्ही बाजूंस अशी झाडे लावली आहेत की प्रवाशास आपण बागेतून चाललो आहोत असे वाटावे. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. दिल्लीहून येथवरचे अंतर हजार किलोमीटरांहून बरेच अधिक. ते चाळीस दिवसांत तोडावयाचे तर रोजची मजल पंचवीस ते तीस किलोमीटरांची पडते. आमच्या घरापासून खुलदाबाद पंचवीस किलोमीटर आहे. म्हणजे ज्या रविवारच्या पराक्रमाबद्दल आम्ही दोन दिवस पाय शेकीत होतो, तो त्या चाळीस दिवसांपैकी एक दिवस! आणि त्यांच्यापाशी पायगाडीही नव्हती. कर्नाडांच्या नाटकात त्या वाटेवरच्या तळाचा प्रवेश आहे. तो आम्ही कितीदा शिकविला. पण तेथे आमचे सारे लक्ष संवादांतील उपरोधाकडे असे.

घाट चढून गेल्यावर कागजीपुरा लागतो. त्याच एप्रिलात, वडाखालून उठून, तेथवर आम्ही पोहोचलो आणि मागल्या चाकातली हवा गेली. बाभळीचा काटा होता. रस्त्याकडेला पंक्चरवाल्याचे दुकान होते. दुकान म्हणजे एक पत्रा, एक घमेले आणि एक वृद्ध गृहस्थ. त्यांनी ट्यूब काढून पाण्यात धरली, बुडबुडे पाहिले, घासकागदाने ती जागा घासली आणि आमच्याकडे न पाहता विचारले,

"कां के हैं आप?"

"औरंगाबादचे," आम्ही म्हणालो. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, पण अनोळखी माणसाशी बोलताना अठ्ठावीस वर्षांची सवय जिभेवर आधी येते.

"वो तो समझा. असल कां के?"

"पुण्याकडचे."

"इधर कब आए?"

"अठ्ठाईस साल हुए."

त्यांनी सोल्युशन लावून त्यावर फुंकर घातली. "हौ. तो नवेच हैं अब्बी."

आम्ही म्हटले, "आणि आपण?"

"हमारे बड़े दिल्ली से आए बोलते. बादशाह के साथ. कागज़ बनाते थे." जणू परवाच उतरले, अशा सुरात ते म्हणाले.

या गावात हातकागदाचा धंदा तुघलकाच्या काळापासून आहे असे सांगतात. चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदात कालवावयाचा, जाळीच्या चौकटीवर त्याचा पातळ थर उचलावयाचा, पाणी दाबून काढावयाचे, ताव वाळवावयाचा आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. फर्माने आणि पोथ्या, दोन्ही याच कागदावर उतरत. 'नवेच' या शब्दातला 'च' मात्र दिल्लीचा नव्हे. तो मराठीचा आहे. दिल्लीहून आलेल्या भाषेने या मातीत पाय रोवले तेव्हा तो तिला येऊन चिकटला आणि दख्खनीचा होऊन गेला. भाषेचा अध्यापक म्हणून आम्हांस त्या क्षणी पंक्चरचे पैसे फार थोडे वाटले.

'परत जाण्याची मुभा' या शब्दांवर आम्ही तास संपवीत होतो. प्रत्यक्षात अनेकजण परत गेलेच नाहीत. १३४७ मध्ये येथल्याच अमीरांनी दिल्लीविरुद्ध बंड करून दौलताबादेस नवा सुलतान गादीवर बसविला आणि बहमनी राज्य उभे राहिले. दक्षिणेचा पुढला सारा इतिहास त्या न परतलेल्या माणसांपासून सुरू होतो. शहरात नानखलिया खाताना आपण त्या फौजेचेच जेवण जेवतो असे खाणारे सांगतात. घाटात सप्टेंबर-ऑक्टोबरात टोपल्या मांडून बसणाऱ्या बायकांचे सीताफळ तर त्याहून दुरून आले. अमेरिका खंडातले ते फळ पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले आणि आज दौलताबादचे म्हणून विकले जाते. त्यास कोणी असल कां के म्हणून विचारीत नाही.

कागजीपुऱ्याहून खुलदाबाद फार दूर नाही आणि रस्ता पठारावरचा आहे. गावच्या वेशीतून आत गेले की हे सारे न परतलेले एकत्र भेटतात. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब स्थलांतराच्या त्या लाटेत येथे आले आणि १३३७ मध्ये येथेच निवर्तले. अमीर खुसरोचा मित्र, कवी अमीर हसन सिजझी येथेच आहे. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दक्षिणेत राज्य चालवून १६२६ मध्ये मरण पावलेला मलिक अंबर येथे आहे. आणि झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, आकाशाखाली उघड्या मातीच्या कबरीत औरंगजेब आहे. मराठ्यांचे राज्य बुडविण्यासाठी तो १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि पंचवीस वर्षे लढूनही काम पुरे झाले नाही. दिल्लीचे तोंड त्यास पुन्हा दिसले नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला तो वारला आणि या घाटाने वर आला. इतक्या मोठ्या माणसांनी दक्षिणेत येताना परतीचा बेत केला असेल, आणि इतक्या थोड्या जागेत ते सारे मावले आहेत.

आमचाही बेत होता. नोकरीचा पहिला आदेश हाती घेऊन आम्ही पुण्याहून या शहरात आलो तेव्हा दोन वर्षांत परत जावयाचे असे ठरवून आलो होतो. पुस्तकांची दोन खोकी तर सहा वर्षे उघडलीच नव्हती. ती कधी उघडली ते आता आठवत नाही. उघडताना काही निर्णय घेतला असेही स्मरत नाही. बहुधा एखादे पुस्तक हवे होते.

हे सारे आम्ही स्पेनला लिहून कळविले. उत्तरादाखल त्याने बातमी पाठविली की स्पेनच्या राजानेही १६०१ मध्ये आपली राजधानी माद्रिदहून हलवून वायादोलिदला नेली होती आणि १६०६ मध्ये पुन्हा माद्रिदला आणली. तेथला चढ त्याने सायकलवर काढला आहे आणि तो कठीण आहे, असेही त्याने नमूद केले. स्पॅनिश भाषेत त्या राजाच्या नावाने एखादा शब्दप्रयोग आहे काय, असे आम्ही विचारले. त्याच्या ऐकिवात नाही. पत्राच्या शेवटी, पुढल्या वर्षी नक्की परत येतो, आल्यावर आपण दोघे हा घाट बरोबर चढू, असे त्याने लिहिले आहे. तेथे त्यास अकरा वर्षे झाली. त्याने कोणते खोके अजून उघडलेले नाही ते विचारावे असे मनात आले, पण विचारले नाही.

रस्त्याविषयी एक तक्रार करून ठेवितो. आमच्या शहराच्या कडेने आता समृद्धी महामार्ग जातो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उघडत तो २०२५ मध्ये पुरा झाला. उत्तम रस्ता आहे. त्यावर पायी चालणाऱ्यास आणि सायकलीस मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र त्यायोगे जुन्या रस्त्यावरची गर्दी ओसरेल आणि तो पायांच्या वाट्यास येईल, ही आमची आशा अद्याप फळास आलेली नाही. जवळजवळ सात शतकांपूर्वीच्या एका परदेशी प्रवाशास दिल्लीपासूनची वाट बागेसारखी भासली. घाटातले जे वड उरले आहेत तेवढे राहिले तर दर रविवारी आम्हांस निदान दोन वळणे तरी तशी भासतील. रुंदीकरण हा शब्द ऐकला की आम्ही आधी झाडे मोजतो.

वर्गात आम्ही आता तो आंधळा सांगत नाही. त्याऐवजी यंदाच्या सहलीस आम्ही बस घाटाच्या पायथ्याशी थांबविली, मुलांस खाली उतरविले आणि बस रिकामी वर पाठविली. चाळीस मुले-मुली होती. पहिल्या वळणापर्यंत गाणी झाली. दुसऱ्यापर्यंत छायाचित्रे झाली. तिसऱ्यावर दोघींनी चपला हातात घेतल्या आणि एकाने, तुघलक खरोखरच वेडा होता, हे मत आमच्याकडे पाहत मोठ्याने मांडले. आम्ही सायकल हाती धरून सर्वांच्या मागे चालत होतो. वर पोहोचल्यावर एक मुलगी कठड्यावर बसली, बराच वेळ खाली पाहत राहिली आणि म्हणाली,

"सर, परत जाताना तरी बस आहे ना?"

आम्ही म्हणालो, "आहे."